अंध आणि डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांना नोकरीसाठीचे संगणक प्रशिक्षण एकाच वर्गात देता येते का? अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे?

देता येते, मात्र सर्व संगणकांवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे सगळे बोलून सांगणारा प्रोग्रॅम, बसवला की सोय झाली, असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. मी अशा मिश्र वर्गांना शिकवते, त्यावरून लिहीत आहे.

अंध विद्यार्थ्याला बटणाचे नाव, कर्सरची जागा, आलेली सूचना असे सगळेच ऐकून किंवा ब्रेलमधून कळावे लागते, आणि सवय झाल्यावर तो इतक्या वेगाने ऐकतो की शेजाऱ्याला त्यातले काहीही समजत नाही. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला पडदा दिसतो, पण लिखित शब्द लावताना त्याची दमछाक होते. त्याला स्क्रीन रीडरची अखंड बडबड नको असते, तर निवडलेला परिच्छेद वाचून दाखवणारे आणि वाचला जाणारा शब्द ठळक करणारे साधन हवे असते. दोघांची समान गरज एकच, ती म्हणजे शीर्षके नीट दिलेला, खऱ्या अक्षरांतला मजकूर. पानांचे फोटो काढून बनवलेली पीडीएफ तशीच दिली, तर दोघांच्याही उपयोगाची नसते.

प्रोग्रॅमिंग अंधांना जमेल का, ही शंका हमखास विचारली जाते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी सुरू केला आणि जेम्स तेह लवकरच त्यात सहभागी झाले. हे दोघेही अंध आहेत. तो मुख्यतः पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, आणि ती जागा एनव्हीडीए बोलून किंवा सुरांच्या चढउतारातून सांगू शकतो. डिस्लेक्सिया असलेल्यांना कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममधील (एडिटरमधील) आपोआप शब्द पूर्ण करण्याच्या सोयीची मोठी मदत होते, तरी एकसारखी दिसणारी व्हेरिएबलची (कोडमध्ये माहिती साठवणाऱ्या घटकांची) नावे टाळायला त्यांना पहिल्या आठवड्यापासूनच शिकवावे.

शिक्षकाची भाषाही ऐकून पाहा. ‘इथे क्लिक करा, मग हे असे ओढा’ अशा सूचनांनी अंध विद्यार्थी तिथेच अडतो. कीबोर्डवरच्या कळांची आणि पडद्यावरच्या बटणांची नावे उच्चारणारा शिक्षक दोघांनाही उपयोगी पडतो.

खरी गफलत परीक्षेत होते. वर्षभर सर्व सोयी देणारी संस्था शेवटी चित्रांवरचे प्रश्न आणि माउसने ओढायची उत्तरे समोर ठेवते, किंवा जिथे कामाचा स्पेलिंगशी संबंध नाही तिथेही त्याचे गुण कापते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी सराव परीक्षा मागून घ्या, ती माउसला हात न लावता स्क्रीन रीडरसह सोडवून पाहा आणि वाढीव वेळ मिळेल असे लेखी घ्या.