काय दिसलं ते सांग

पोरी,

रात्री तुझा मेसेज आला तो तीनदा वाचला. "सर, रिंगमधलं डोकं उपजतच लागतं ना? माझ्यात ते नाही. मी आता ताकदीवरच मेहनत घेते." हरल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, त्यावर काही लिहीत बसत नाही. पण त्या 'उपजत' शब्दानं माझी झोप घालवली. शेवटी उठून तुझ्या बॉक्सिंगच्या फाइटचा व्हिडिओ लावला.

पहिली फेरी निर्विवाद तुझी. जॅब, तो पुढच्या हाताचा सरळ ठोसा, थेट नाकावर बसत होता. दुसऱ्या फेरीत त्या मुलीनं एकच गोष्ट बदलली. तुझा जॅब निघाला की ती मागचा पाय अर्धं पाऊल मागे टेकायची. तुझा ठोसा हवेत संपायचा आणि हात गार्डवर, म्हणजे चेहऱ्यासमोर, परत यायच्या आत तिचा उजवा वरून यायचा. मी मोजले. तिथून पुढे सतरा जॅब तू जसेच्या तसे टाकलेस. सतरा! दम होता, हात चालत होते. पहिल्या फेरीत जे चाललं ते आता चालत नाहीये, हे तुला दिसत होतं आणि तू ते मानत नव्हतीस. चिडचिड झाली माझी ते बघताना.

यावरचा उपाय तुला येत नाही असं थोडंच आहे? जॅब अर्ध्यावर थांबवायचा. तिचा पाय मागे टेकला की वजन मागे गेलेलं असतं, तिला लगेच हलता येत नाही. तेवढ्यात एक पाऊल आत घेऊन दुसरा जॅब. नाहीतर तिचा उजवा मुद्दाम ओढून घ्यायचा, डोकं डावीकडे काढायचं आणि डावा हुक, कोपर वाकवून बाजूनं मारायचा ठोसा, बरगडीत. पॅडवर रोज करतेस हे. मग अडलं कुठे? जे दिसतंय त्यावर विश्वास ठेव, हे मी दोन वर्षं सांगतोय. तिथेच अडलं.

जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगचं उदाहरण तुला अनेकदा दिलंय, आज पूर्ण सांगतो. 1936 साली श्मेलिंग अमेरिकेच्या जो लुई या बॉक्सरसमोर उभा राहिला तेव्हा लुई व्यावसायिक रिंगमध्ये एकदाही हरलेला नव्हता आणि श्मेलिंगचे दिवस सरले असंच सगळे धरून चालले होते. श्मेलिंगनं लुईच्या लढतींच्या फिल्म बघितल्या. त्यात त्याला एक बारीकशी गोष्ट दिसली. जॅब मारून झाला की लुई डावा हात खालून परत आणतो. हनुवटी क्षणभर उघडी राहते, उजव्या हाताला वाट मिळते. बस, एवढंच. चौथ्या फेरीत त्याच वाटेनं उजवा गेला आणि लुई खाली बसला. बाराव्या फेरीत संपला. सांग, यात उपजत काय आहे?

आणि लुईचंही बघ. दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा समोर आला. श्मेलिंगला अंतर लागतं, समोरच्याची चूक हेरायला वेळ लागतो, हे लुई पहिल्या लढतीत मार खाऊन शिकला होता. यावेळी त्यानं दोन्ही दिलं नाही. घंटा झाल्याबरोबर अंगावर गेला आणि 124 सेकंदांत लढत संपवली.

मुहम्मद अलीच्या जॉर्ज फोरमनशी झालेल्या किन्शासातल्या लढतीला लोक 'काय योजना होती' म्हणतात, तेव्हा मला राग येतो. 1974 साली अली 32 वर्षांचा, फोरमन 25 चा. कित्येक आठवडे अली सांगत होता की मी नाचणार, हा मला पकडू शकणार नाही. पहिल्याच फेरीत त्याला कळलं की फोरमन वाट अडवत येतोय आणि आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त पावलं टाकावी लागताहेत. असं पंधरा फेऱ्या पळत राहिलो तर आपणच आधी थकू. दुसऱ्या फेरीत तो रिंगच्या दोरांना टेकला. त्याचाच कॉर्नर, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातली त्याची माणसं, ओरडत होती, दोरांवरून बाजूला हो! तो झाला नाही. ठोसे हातांवर, दंडांवर झेलत राहिला आणि आठव्या फेरीत थकलेल्या फोरमनला पाडलं. कॉर्नरला जे दिसत नव्हतं ते त्याला दिसत होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

मी ठेवला नाही.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या शेवटच्या फायनलमध्ये समोरचा मुलगा डावा हुक मारायच्या आधी उजवा हात छातीपर्यंत खाली आणायचा. पहिल्या मिनिटात दिसलं मला. आजही तो लाल ग्लोव्ह खाली येताना डोळ्यांसमोर दिसतो. माझा हुक त्याच्या आधी पोहोचला असता. पण कोच म्हणत होते, पोटावर मार, फक्त पोटावर. मी शहाण्या मुलासारखा तीन फेऱ्या पोटावर मारत राहिलो आणि हरलो. कित्येक वर्षं त्यांना दोष दिला. त्यांना तो हात दिसतच नव्हता, ते माझ्या पाठीमागे होते. मला दिसत होता.

म्हणून मी कॉर्नरमध्ये कमी बोलतो. बाकीचे कोच मिनिटभर सूचनांचा भडिमार करतात, मी स्टुलावर बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, काय दिसलं? पालक नाराज होतात, ठाऊक आहे मला. त्या दिवशी दुसऱ्या फेरीनंतर तुलाही तेच विचारलं. तू म्हणालीस, "काही नाही सर, ठीक चाललंय." तिचं ते अर्धं पाऊल मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही.

तू मेसेजमध्ये हे विचारलं नाहीस, पण मनात आलं असणार. सांगितलं असतं तर कदाचित जिंकली असतीस. रात्रभर हेच डोक्यात होतं. तरी मला वाटतं, मी केलं ते बरोबर होतं. मी सांगितलं असतं तर पुढच्या लढतीत तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस, आणि ठोसे तर समोरून येतात. माझ्या बाबतीत तेच झालं होतं, ते तुझ्या बाबतीत होऊ देणार नाही. तुला हे कठोर वाटेल. वाटू दे.

ताकद वाढवायची तर खुशाल वाढव. पण ताकद हा या प्रश्नावरचा उपाय आहे असं मला पुन्हा लिहू नकोस. 2004 साली मेक्सिकोचा बॉक्सर मार्केस फिलिपिन्सच्या पॅकियाओसमोर पहिल्याच फेरीत तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा अंगात किती ताकद उरली असेल? त्यानं पॅकियाओच्या डाव्या हाताची वेळ ओळखली, आपलं अंतर बदललं आणि बारा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सोडवली.

सोमवारपासून स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, झालं की ग्लोव्ह काढायच्या आधी मला तीन गोष्टी सांगायच्या, समोरच्यानं काय केलं त्याच्या. तू काय केलंस ते मला नको. ठोशाआधी त्याचा पाय कुठे होता, खांदा हलला का, मार बसल्यावर तो कुठल्या बाजूला सरकला. पहिले काही दिवस एकही सांगता येणार नाही. चालेल. ग्लोव्ह तसेच हातात राहतील, मी थांबेन.

एक वही आण. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलीचं ते अर्धं पाऊल काढ, पायांच्या खुणांसकट. व्हिडिओ न बघता.

तुझा,
सर