‘मुलांच्या सेक्शनमध्ये काहीच धड मिळत नाही हो ताई’

प्रश्न : ताई, माझा मुलगा तीन महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी कपडे बघायला लागले की वैताग येतो. मुलींच्या बाजूला इतकं सुंदर सुंदर लावलेलं असतं आणि मुलांच्या बाजूला तेच ते, नेव्ही ब्लू नाहीतर राखाडी, आणि छातीवर भलामोठा ट्रक नाहीतर डायनोसॉर नाहीतर काहीतरी चमकणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं. जे खरंच आवडतं त्याची किंमत बघितली की गुपचूप परत ठेवावं लागतं. आणि घेतलं तरी दोन महिन्यांत अंगाला होत नाही. सध्या घरात एकाचाच पगार आहे. छान दिसेल आणि परवडेल असं काही असतं का की हे दोन्ही एकत्र मागूच नये?

उत्तर : अगं असतं, आणि माझं तर म्हणणं आहे की या वयात जे दिसायला चांगलं असतं तेच बहुतेकदा स्वस्तही पडतं, फक्त बघायची जागा बदलायला हवी. पहिलं म्हणजे ‘मुलगे’ ही पाटी सरळ विसरून जा. वर्षाच्या आतल्या मुलाच्या आणि मुलीच्या शरीराच्या मापात कपड्याच्या दृष्टीने काहीही फरक नसतो, झबलं तेच, पायजमा तोच, रोम्पर तोच, वेगळी असते ती फक्त पाटी आणि वरचं चित्र. आणि हे निळा-गुलाबी प्रकरण काही फार जुनंही नाहीये बरं का, १९१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यवसायाच्या एका मासिकात चक्क उलटं छापलं होतं, मुलांना गुलाबी आणि मुलींना निळा, कारण म्हणे गुलाबी रंग जास्त ठसठशीत आणि निळा नाजूक. त्याच्याही आधी तर तिकडे मुलगा असो की मुलगी, पांढरा लांब फ्रॉकच घालायचे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ मधला लहानपणचा फोटो आहे, फ्रॉक, लांब केस, पायात चकचकीत चामड्याचे बूट, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पांढराच का, तर गरम पाण्यात उकळून धुता येतो, ब्लीच करता येतो, आणि धाकट्याला पण चालतो. सगळा व्यवहाराचा हिशोब होता.

तर तूही तसंच कर. मुलींच्या बाजूला जा, ‘युनिसेक्स’ किंवा ‘न्यूबॉर्न’ असं लिहिलेल्या रॅकवर बघ, ऑनलाइन असशील तर मुलगा-मुलगी हा फिल्टरच काढून टाक. मोतिया, हळदी, शेवाळी, विटकरी, आकाशी, फिकट जांभळा, काय वाट्टेल ते घाल, बाळांवर मातकट आणि उबदार रंग इतके खुलतात की विचारू नकोस. प्रिंट हवंच असेल तर बारीक आणि सगळ्या कपड्यावर पसरलेलं घे, बारीक रेघा, छोटे चौकडे, ठिपके, पानं. छातीवरचं एकच मोठं चित्र मी टाळायला सांगते ते नुसतं दिसण्यामुळे नाही. तो बहुतेकदा प्लॅस्टिकचा थर असतो, हात फिरवून बघ, रबरासारखा लागतो, तेवढ्या भागात हवा खेळत नाही, घाम शोषला जात नाही, आणि थोड्याच धुण्यांत त्याला भेगा पडून तो सोलायला लागतो, मग कपडा धडधाकट असून जुनाट दिसतो. आणि भरतकाम असेल तर दुकानातच कपडा उलटा कर. वरून गोड बदक दिसतं आणि आतल्या बाजूला दोऱ्यांच्या गाठी, कडक कॅनव्हासचा तुकडा, त्याच्या टोकदार कडा, आणि हे सगळं बरोब्बर बाळाच्या छातीवर येतं. स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा गालावर घासून बघायचं, आपल्याला टोचलं तर त्याला टोचणारच, तो फक्त सांगू शकत नाही, रडतो आणि आपण भूक लागली असेल म्हणून घेऊन बसतो.

आता पैशांचं. बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत वाढ सगळ्यात जोरात, महिन्याला जवळजवळ अडीच सेंटिमीटर. युरोपातली मापं बाळाच्या लांबीवर असतात, ५६, ६२, ६८, ७४, ८० अशी, म्हणजे दर पायरी ६ सेंटिमीटरची. मग हिशोब करून बघ, सुरुवातीला एक माप दोन-अडीच महिनेच पुरणार, आणि नंतर वाढ मंदावली की तेच चार-पाच महिने जातं. म्हणून आत्ता तीन महिन्यांच्या बाळाला महागाचं काही घेऊच नकोस, खर्च करायचाच असेल तर आठ-नऊ महिन्यांनंतरच्या मापात कर, तेव्हा कपडा खरोखर वापरला जातो, रांगताना झिजतो, धुतला जातो, पैसे वसूल होतात. आणि लेबलवरच्या महिन्यांवर विश्वास ठेवू नकोस, एका कंपनीचं ३ ते ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ ते ९ एवढं असतं. बाळ झोपलेलं असताना टेपने डोक्यापासून टाचेपर्यंत मोजून ठेव आणि सेंटिमीटर बघूनच घे. कापडी लंगोट वापरत असशील तर एक माप मोठं, कारण बुडाशी जाडी वाढते. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात थोडी आटते तेही धरून चाल.

एका मापाला किती कपडे लागतात? रोज धुणं होत असेल तर सहा-सात वरचे, पाच-सहा खालचे आणि बाहेर जायला दोन बरे, बस. पण ते घेताना तीनच रंग ठरव, समजा मोतिया, शेवाळी आणि हळदी, आणि सगळे खालचे साधे एकरंगी घे. म्हणजे वरचं कुठलंही खालच्या कुठल्याहीवर जातं, एक घाण झाला की पूर्ण सेट बदलावा लागत नाही, आणि थोडक्या कपड्यांत रोज नवीन काहीतरी घातल्यासारखं दिसतं. सेट म्हणून जे विकतात ना, वर वाघ आणि खाली वाघाचे पंजे, त्यातलं एक खराब झालं की दुसरं कशावरच जात नाही, तिथे पैसे जातात.

कपडा चांगला की नाही हे किमतीवरून अजिबात कळत नाही, हाताने कळतं. उजेडासमोर धर, आरपार जाळी दिसली तर थोड्या दिवसांत ढिला पडणार (मलमल सोडून, ती विरळच असते आणि उन्हाळ्यात तिच्यासारखं काही नाही). गळा दोन्ही हातांनी ताण आणि सोड, पटकन जागेवर आला पाहिजे. टिच बटणं लावून काढून बघ, बटणाभोवती आतून जादा पट्टी लावलेली असेल तर कापड फाटणार नाही, नुसत्या पातळ कापडावर बटण ठोकलेलं असेल तर चार दिवसांत भोक. खांद्यावर कापड एकावर एक येणारा, पाकिटासारखा गळा असेल तर आवर्जून घे, कारण शी पाठीपर्यंत आली की असा कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून काढता येतो, आणि रात्री दोन वाजता हे कळतं की तो गळा किती कामाचा आहे. चेन असेल तर दोन्हीकडून उघडणारी. नाडी मात्र नकोच, गळ्याशी किंवा टोपीला तर अजिबातच नको, दिसायला गोंडस असली तरी. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्याशी नाडी सुरक्षा नियमांत बसतच नाही, कारण ती अडकून गळा आवळला जाऊ शकतो.

आणि वापरलेले कपडे घे गं, लाजू नकोस. तीन महिन्यांच्या मापाचा कपडा कुणीही झिजवू शकत नाही, त्यामुळे ओळखीतून मिळालेले बरेचसे नव्यासारखेच असतात, शिवाय खूपदा धुतल्यामुळे मऊ झालेले. फक्त इलास्टिक, बटणं आणि मोज्यांची आतली बाजू तपास. मोजे उलटे करून सुटे दोरे कापून टाकायचे, एखादा दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला गेला की बोट सुजतं आणि वरून मोजा असल्यामुळे लवकर लक्षातही येत नाही. हे नव्या मोज्यांनाही लागू आहे.

प्रश्न : मी आत्या आहे. भाच्याला असं काहीतरी द्यायचंय जे कपाटात पडून राहणार नाही. बजेट जास्त नाही.

उत्तर : आत्ताच्या मापाचं देऊ नका, सगळे तेच देतात. बाळ वर्षाचं होईल तेव्हाचं माप घ्या, आणि तेव्हा ऋतू कोणता असेल ते मोजून बघा, नाहीतर भर उन्हाळ्यात होणारा स्वेटर दिला जातो. एकरंगी सुती पायजम्यांची जोडी आणि एक चांगला शर्ट, बिल ठेवा, टॅग काढू नका. सूट-बो टाय वगैरे राहू द्या, त्यात बाळाला बसता येत नाही.

प्रश्न : आम्हाला मुलगा झालाय, नवीन बाबा आहे. दुकानात ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेले कपडे दुपटीने महाग आहेत. ते घेणं खरंच गरजेचं आहे का?

उत्तर : अभिनंदन! गरजेचं नाही. नुसतं ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेलं असेल आणि मागे कुठलंच प्रमाणपत्र नसेल तर त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. ‘गॉट्स’चं (GOTS, सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) चिन्ह असेल तर त्यात किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो आणि रंग-रसायनांवरही नियम असतात. पण तुमची काळजी जर बाळाच्या त्वचेची असेल तर ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे लेबल शोधा, ते तयार कपड्यातली घातक द्रव्यं तपासून देतात आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी त्यांचे निकष सगळ्यात कडक आहेत, आणि असे कपडे साध्या किमतीतही सापडतात. काहीच लेबल नसेल तरी शंभर टक्के सुती, फिकट रंगाचा कपडा घ्या आणि घालण्याआधी धुवा. हे धुणं चुकवू नका, कारण कपडा चुरगळू नये म्हणून फॉर्मल्डिहाइडवाली रसायनं लावलेली असू शकतात, त्यातला सुटा अंश आणि जादा रंग पहिल्या धुण्यात बराच जातो. ‘रिंकल फ्री’ लिहिलेलं बाळासाठी घेऊच नका. बाळाच्या कपड्याला कडक इस्त्रीची घडी कशाला हवी?

प्रश्न : मोठ्याचे कपडे धाकट्यासाठी जपून ठेवले होते, स्वच्छ धुऊन ठेवलेले, तरी आता काढले तर गळ्याशी पिवळे डाग. आता टाकून देऊ का?

उत्तर : नका हो टाकू! ते दुधाचे डाग आहेत. धुतल्यावर दिसत नाहीत पण दुधाचा अंश धाग्यात राहिलेला असतो आणि ठेवून ठेवून पिवळा पडतो. एन्झाइम असलेली डिटर्जंट पावडर कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजवा, सकाळी धुवा आणि ओले असतानाच कडक उन्हात डागाची बाजू वर करून वाळत घाला. पांढऱ्या आणि मोतिया कपड्यांवर ऊन फार छान काम करतं, रंगीत असतील तर जपून, रंगही उडतो. एकदा धुऊन गेलं नाही तर पुन्हा करा. ताज्या डागाला मात्र आधी गार पाणी, गरम पाण्याने दुधातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. पुढच्या वेळी ठेवताना पूर्ण कोरडे करून सुती पिशवीत ठेवा आणि पिशवीवर माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. पायजम्यांचं इलास्टिक सैल झालं असेल तर नेफा थोडा उसवून नवीन घालून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.