वेगळे मत आणि मंडळीबाहेरची वाट

प्रश्न : आमचे कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापूरच्या मंडळीत (चर्चमध्ये) आहे. आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथाच्या आरंभीच्या इतिहासावरून वाद झाला. एकाचे म्हणणे, तेथे वेगळे मत बाळगणाऱ्याला थेट बाहेर काढत. दुसऱ्याचे म्हणणे, त्या पंथाला ठरावीक विश्वासांगीकारच (सर्वांनी मान्य करायचे श्रद्धेचे लेखी सूत्र) नव्हता. खरे काय? आणि हे आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखेच होते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही विधानांना आधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये ही मंडळी स्थापन केली आणि १८३४ मध्ये ओहायोतील कर्टलंड येथे बारा सभासदांची उच्च परिषद नेमून चौकशीची रीत लेखी ठरवली गेली. सभासद चिठ्ठ्या उचलत. सम क्रमांक आलेल्या सहा जणांनी आरोपीचा अपमान किंवा त्याच्यावर अन्याय होऊ नये हे पाहायचे असे.

आपल्या अभ्यासवर्गातील दुसऱ्या सभासदाच्या बाजूने सर्वांत बोलका दाखला १८४३ सालचा आहे. पेलाटिया ब्राउन या वृद्ध उपदेशकाने बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकातील प्राण्यांचा चुकीचा अर्थ लावला, म्हणून त्याला परिषदेपुढे बोलावण्यात आले. स्मिथ यांना त्याचा अर्थ पटला नव्हता, तरीही त्यांनी इलिनॉयमधील नावू येथील सभेत या चौकशीविषयी उघड नाराजी दाखवली : ही रीत मेथडिस्ट पंथाची आहे, आपल्याला हवे तसे मानण्याची मोकळीक हवी, आणि सिद्धांतात चुकला म्हणून माणूस वाईट ठरत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तरीही माणसे बाहेर गेलीच, आणि कोण गेले व कोण राहिले हे पाहिले की खरा निकष दिसतो. प्रेषित (मंडळीच्या बारा ज्येष्ठ नेत्यांपैकी एक) ऑर्सन प्रॅट यांचा, स्मिथ यांच्यानंतर मंडळीचे प्रमुख झालेल्या ब्रिगहॅम यंग यांच्याशी देवाच्या सर्वज्ञतेवरून वर्षानुवर्षे वाद होता. देवाचे ज्ञान परिपूर्ण आहे, त्यात भर पडू शकत नाही, असे प्रॅट मांडत आणि यंग यांना ते मान्य नव्हते. १८६० मध्ये प्रॅट यांनी जाहीर सभेत नमते घेतले, १८६५ मध्ये त्यांचे काही लेखन मंडळीने अधिकृतपणे नाकारले, पण १८८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रेषितपदावर राहिले. उलट प्रेषित अमासा लायमन यांनी ख्रिस्ताच्या रक्ताने होणाऱ्या प्रायश्चित्ताची आवश्यकताच नाकारणारा उपदेश केला, माफी मागूनही तो पुन्हा सुरू ठेवला, आणि १८६७ मध्ये त्यांचे पद व १८७० मध्ये सभासदत्व गेले.

लायमन यांची चूक मूळ श्रद्धेलाच धक्का देणारी होती, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणूनच १८६९ चे विल्यम गॉडबी आणि ई. एल. टी. हॅरिसन यांचे प्रकरण मला निर्णायक वाटते. त्यांनी आपल्या नियतकालिकातून यंग यांच्या आर्थिक धोरणाला विरोध करून खाणउद्योगाचा पुरस्कार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्यानंतर प्रेषित जॉर्ज क्यू. कॅनन यांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिले की, मनात प्रामाणिक मतभेद असलेला माणूस धर्मत्यागी ठरेलच असे नाही. परंतु ते मतभेद छापून लोकांत फूट पाडणारा मात्र धर्मत्यागी ठरतो. माझ्या मते आपल्या वादाचे उत्तर येथे आहे. विचार चुकीचा असणे सहन होत असे, अधिकाराला जाहीर आव्हान देणे नाही. ज्या मंडळीच्या संस्थापकाने विचारांची मोकळीक मागितली होती, तिने प्रामाणिक लेखकांना याच कारणाने घालवावे, हे मला अन्यायाचे वाटते.

वाळीत टाकण्याशी साम्य अर्धेच आहे. बहिष्कृताला पुन्हा बाप्तिस्मा घेऊन परतता येई : स्मिथ यांचे लेखनिक ऑलिव्हर काउडरी १८३८ मध्ये बाहेर काढले गेले, त्यांच्यावरील आरोप बहुतांशी सिद्धांताचे नव्हते, आणि १८४८ मध्ये ते परत आले. पण मंडळीचे लोक पुढे जेथे वसले त्या यूटामध्ये शेजार, बाजार आणि मंडळी एकच होती. १८६८ पासून मंडळीबाहेरच्यांच्या दुकानांऐवजी मंडळीच्या सहकारी भांडारातून खरेदी करण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा मंडळी सोडलेल्या वॉकर बंधूंच्या व्यापारालाही त्याची मोठी झळ बसली.