दहा वर्षांच्या मुलाला कॅम्पला पाठवू का?

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा पाचवीत आहे, वय 10. डिसेंबरमधे शाळेचा दोन रात्रींचा कॅम्प आहे जानापावला, तंबूत रहायचंय. त्याला खूप जायचंय पण अजून महिन्यातून एखाद वेळा गादी ओली होते, तेच टेन्शन आहे. सासूबाई म्हणतात एवढ्या थंडीत कशाला, आठवण आली की रडेल. काय करू?
– एक आई, इंदूर

उत्तर: पाठवा हो. आधी गादीचं बोलते कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. या वयाच्या साधारण 20 मुलांत एकाला हा त्रास असतो, म्हणजे वर्गात तो एकटाच असेल असं नाही, फक्त कोणी बोलत नाही. सोबत जाणाऱ्या मॅडमना एकट्या भेटून स्पष्ट सांगा, झोपायच्या आधी बाथरूमला पाठवा म्हणावं आणि रात्री एकदा हळूच उठवा. जास्तीचा पायजमा आणि ओल्या कपड्यांची पिशवी सॅकमधे त्यालाच ठेवू दे, म्हणजे अंधारातही हाताला बरोबर लागेल. बालरोगतज्ज्ञांनाही विचारा, दोन-तीन रात्रींपुरतं औषध असतं, त्यांना योग्य वाटलं तर देतात.

आठवण तर येणारच, येऊ दे. पण "रडू आलं तर बाबा गाडी घेऊन येतील" असं चुकूनही म्हणू नका, मग पोराचं सगळं लक्ष त्या गाडीकडेच. त्यापेक्षा आत्तापासून दोन-तीन शनिवार आत्याकडे नाहीतर मावशीकडे एकट्याला झोपायला पाठवा, सवय होते.

माझी मुलगी याच वयात पहिल्यांदा गेली होती, घरी पाण्याचा ग्लास पण उचलायची नाही आणि आल्यावर सांगते काय, आई मी दोन थाळ्या घासल्या, एक माझी आणि एक शेजारच्या मुलीची, तिचं बोट कापलं होतं ना. हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं, तिथे आपण नसतो म्हणूनच ते होतं. शिवाय जानापाव म्हणजे चंबळचा उगम, तिथून निघालेली नदी साडेनऊशे किलोमीटरच्या वर वाहत जाऊन यमुनेला मिळते, पुस्तकात नकाशावरची निळी रेघ बघणं वेगळं आणि त्या डोंगरावर उभं रहाणं वेगळं.

हां, एका टीचरमागे किती मुलं आणि रात्री तंबूजवळ कोण जागं असणार हे शाळेला नक्की विचारा. आणि माळव्याची थंडी आहेच, तेव्हा कानटोपी, मोजे, स्वेटर सासूबाईंनाच भरायला सांगा, त्यांच्या हातचे दोन लाडूही डब्यात जाऊ देत.