उड्डाण पुढे ढकललं तेव्हा

प्रिय पोरी,

अंतराळवीर व्हायचं तर कुठली शाखा घेऊ, असं विचारलंस. त्याआधी २०२५च्या जूनमधलं, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाणाऱ्या ॲक्सिअम-४ मोहिमेचं रखडणं नीट वाचून काढ.

पेगी व्हिटसन, आपले शुभांशू शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू, चौघंही विलगीकरणात. ११ जूनला निघायचं ठरलेलं. तळावरच फाल्कन-९ रॉकेटची इंजिनं सात सेकंद पेटवून पाहिली आणि द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. कारखान्यात साधा वॉल्व्ह गळला तरी ‘चालतंय की’ म्हणणारे चार जण भेटतातच. इथे रॉकेट स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं, आपण तिकीट काढून बसलेले प्रवासी. तरी इस्रोची मंडळी अडून बसली: आधी गळती काढा, पुन्हा चाचणी घ्या, मग बघू. मला या मोहिमेत सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. पुढे स्थानकाच्या रशियन ‘झ्वेझ्दा’ भागातल्या जुन्या गळतीची दुरुस्ती झाली, तिची खात्री करण्यात आणखी दिवस गेले. अखेर २५ जूनला, आपल्या घड्याळात दुपारी १२ वाजून १ मिनिटाने, अमेरिकेतल्या केनेडी केंद्रावरून यान सुटलं आणि दुसऱ्या दिवशी स्थानकाला जोडलं गेलं.

व्हिटसनबाई आयोवातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिक्षण जीवरसायनशास्त्राचं. दहा वर्षं अर्ज करत राहिल्या, १९९६ साली निवड झाली. शाखेपायी झोप उडवू नकोस म्हणतो, ते एवढ्यासाठी.

आणि प्रशांत नायर यांच्याबद्दल वाच. शुक्लांचे राखीव अंतराळवीर. सगळी तयारी करून जमिनीवर राहिले. १९८४मध्ये राकेश शर्मा सोयूझ यानातून सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा रवीश मल्होत्रा असेच मागे थांबले होते. ती जागा तुला चालणार असेल तरच या वाटेला लाग. नुसत्या खिडकीतल्या फोटोसाठी एवढी वर्षं घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

शुक्लांनी वर मेथी-मुगाला मोड आणले. प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांचा. तू घरी मेथीच्या दोन बशा ठेव, एक उजेडात, एक कपाटात. पाणी किती, कधी घातलंस, मोड किती लांब आले, रोज लिही. रविवारी वही घेऊन ये, खाडाखोडीसकट. सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली नको.

तुझा,
काका