होडीला कूलर नको, सावली हवी

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही चोवीस फुटी, फायबरची, शिडाची जुनी होडी घेतली. ती विजयदुर्गच्या खाडीत नांगरलेली असते. सुटी मिळाली की गगनबावड्यावरून घाट उतरून दोन-तीन दिवस तिच्यावरच मुक्काम करतो. डेक गडद निळा आहे. मे महिन्यात केबिनमध्ये बसवत नाही, मुलं रात्रभर घामाने जागी असतात. घरच्यासारखा छोटा कूलर बसवावा का? की बॅटरीवर एसी चालेल?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कूलर अजिबात बसवू नका. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ओल्या जाळीतलं पाणी भराभर उडतं आणि हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून कूलर गार लागतो. विजयदुर्गची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिथे कूलरने केबिन आणखी दमट होईल आणि गाद्यांना वास येईल, एवढंच.

एसीचा हिशेब करून बघा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२०० वॉट-तास वीज मावते. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणजे हाती उरले ६००. अर्ध्या टनाचा एसीसुद्धा ते तासाभरात संपवेल. त्याच बॅटरीवर अर्धा अँपिअर घेणारे १२ व्होल्टचे दोन पंखे रात्रभर चालवले तरी दहाएक अँपिअर-अवरच खर्च होतात. पंखे घ्या, आणि ते प्रत्येकाच्या उशाशी बसवा. वाहती हवा अंगावरून गेली पाहिजे, केबिनच्या छताला वारा घालून उपयोग नाही.

पण पंख्याच्याही आधी डेकचा निळा रंग घालवा. तुमचं निम्मं दुखणं त्या रंगात आहे. पांढराशुभ्र रंग दुपारी डोळ्यांना सहन होत नाही, सायीसारखा फिकट घ्या आणि पाय घसरू नये म्हणून त्यात बारीक रेतीची पूड घाला. हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या झडपेच्या, काचेला आतून पडदा लावलेला असेल तर तो बाहेरून लावा. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता केबिनमध्येच राहते.

आता सावली. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, थोडं सविस्तर लिहितो. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा बूमवरून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून, टाकलेलं कापडी छत पुरतं. तीन वाजल्यानंतर ते पुरत नाही. दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो, नांगरावरची होडी त्याच्याकडे तोंड करते, आणि उतरतं ऊन डाव्या हाताने, समोरून आत घुसतं. तिथे कापड लावलं तर वारा अडतो. मी तिथे रोपवाटिकेत वापरतात ती शेडनेट लावतो, पंचाहत्तर टक्के सावलीची. कोल्हापुरात ती सहज मिळते, वजनाला हलकी असते, ऊन तोडते आणि वारा बऱ्यापैकी येऊ देते. वरच्या छताला मात्र फिक्या रंगाचा कॅनव्हास हवा. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर पितळी आयलेट मारून छान शिवून देतात. छत आणि डेक यांत हातभर मोकळी जागा ठेवा, तिथून हवा वाहिली पाहिजे. प्लास्टिकची निळी ताडपत्री आणू नका. ती रात्रभर फडफडते आणि उन्हाने लवकर फाटते.

पुढच्या हॅचवर वारा खाली ढकलणारी कापडी पोतडी टांगा आणि मागची दारं उघडी ठेवा, नाहीतर आत आलेल्या हवेला वाट मिळत नाही. खाडीत एक अडचण येते. ओहोटीचा जोर असला की होडी वाऱ्याऐवजी पाण्याच्या दिशेने वळते आणि एकाच तोंडाची पोतडी लुळी पडते. म्हणून आत फुलीसारखे पडदे असलेली, चारी बाजूंनी वारा घेणारी शिवून घ्या.

इंजिन सकाळीच काय ते चालवा, बंद केल्यावरही ते तासन्‌तास उष्णता सोडत असतं. स्वयंपाक बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीत, तोही उन्हं चढायच्या आत. रात्री मुलांना कॉकपिटमध्येच झोपवा. पहाटेकडे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्याचा लाभ तिथेच मिळतो. तिवरांपासून लांब नांगरा, आणि मच्छरदाणी हॅचला ताणून न लावता छताखाली मोठी, सैल टांगा. बारीक जाळी छोट्या तोंडावर बसवली की वारा फारच तुटतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. मेमध्ये दुपारनंतर वळीव कधीही येतो. पूर्वेला ढग काळवंडले की छत आधी उतरवा. त्याच्या वाऱ्याने छत शिडासारखं फुगतं आणि नांगर ओढला जातो. सगळ्या दोऱ्या सुरगाठीनेच बांधा, आणि छत उतरवायची मुलांकडून सवय करून घ्या.

प्रश्न : होडीवर बर्फ दुपारपर्यंतही टिकत नाही. काय करावं?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : फोडलेला बर्फ घेऊ नका, बंदरावर अख्खी लादी मागा. ती सावकाश वितळते. बर्फाची पेटी केबिनच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली ठेवा आणि वर दुमडलेलं गोणपाट टाका. वितळलेलं थंड पाणी लगेच काढून टाकू नका, बाटल्या त्यात बुडवून ठेवा. मात्र हा बर्फ मासळीसाठीचा असतो. तो सरबतात घालू नका, मुलांनाही तसं सांगून ठेवा.