बत्तिसाव्या सेकंदाला फोन का कटतो?

या वेळच्या टपालात सिप (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) गेटवेचे प्रश्न खूप आलेत आणि बहुतेक सगळे किनारपट्टीवरून. तांब्याच्या लाइन गेल्या, फायबर आली, पण ऑफिसातला किंवा रिसेप्शनवरचा ईपीएबीएक्स (आतले फोन जोडणारं एक्स्चेंज) तोच जुना, मग दोघांच्या मध्ये एक गेटवेचा डबा बसतो आणि त्याच्या सेटिंगच्या पानावर टायमर, रिट्राय, टाइमआउट असे वीस-पंचवीस आकडे दिसले की हात शिवशिवतो. त्यातले चार प्रश्न घेतोय.

मालवण तालुक्यातून एक रिसॉर्टवाले : जुना ईपीएबीएक्स तसाच ठेवून आम्ही फायबरवर सिप ट्रंक (फोन कंपनीकडून येणारी लाइन) घेतली. इकडून लावलेले फोन नीट चालतात. पण बाहेरून आलेला फोन उचलला, बोलणं सुरू झालं की अर्ध्या मिनिटात कट. मे महिन्याचं बुकिंग असतं, मुंबईचं गिऱ्हाईक अर्ध्या वाक्यात तुटतं आणि परत आम्हाला लावत नाही, बाजूच्याला लावतं. टेक्निशियनने टी-वन नावाची सेटिंग ५०० ची १००० केली तर आता फोन मिनिटभर चालतो. अजून वाढवू काय? काय ता एकदा सांगा.

वाढवू नका, उलट आधी ते १००० चं परत ५०० करून टाका. पण टेक्निशियनला नावं ठेवू नका, कारण त्याच्या त्या एका बदलामुळे तुमच्या आजाराचं निदान आयतंच झालंय.

सिपचे नियम आरएफसी ३२६१ या इंटरनेटच्या नियमपत्रात आहेत, २००२ सालचे, आणि आजही गेटवे त्याच्यावरच चालतात. त्यात टी-वन म्हणजे आपला निरोप पलीकडे जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागेल याचा अंदाज, आणि तो धरलाय ५०० मिलिसेकंद. बाकीचे बरेच टायमर या टी-वनच्या पटीत निघतात आणि 'आता उत्तर येत नाही, सोडा' म्हणायची वेळ ठरते टी-वनच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. टी-वन १००० केला की तेच होतात ६४ सेकंद. तुमचा फोन अर्ध्या मिनिटावरून एका मिनिटावर गेला तो ह्याच हिशोबाने. उद्या २००० केलात तर दोन मिनिटांनी कटेल, पण कटेलच.

आता नेमकं काय सोडलं जातंय ते बघू. बाहेरून फोन आला, रिसेप्शनवर उचलला, की तुमचा गेटवे फोन कंपनीच्या सर्व्हरला '२०० ओके' पाठवतो आणि त्याची पोच म्हणून तिकडून 'अ‍ॅक' यायला हवा. नाही आला तर गेटवे तेच २०० ओके पुन्हा पाठवतो, अर्ध्या सेकंदाने, मग एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, आणि चारवर पोचला की पुढे दर चार सेकंदांनी, कारण टी-टू नावाची वरची मर्यादा ४ सेकंद आहे. खाडीच्या अलीकडे उभं राहून तरीवाल्याला हाका मारतो तसंच हे, उत्तर येईना की आपणही दोन हाकांमधला वेळ वाढवत जातो. मूळचा एक धरून अकरा वेळा २०० ओके जातं, शेवटचं साडेएकतिसाव्या सेकंदाला, आणि ३२ सेकंद झाले की गेटवे स्वतःच 'बाय' पाठवून फोन तोडतो. म्हणजे कट कंपनी करत नाहीये, तुमचाच डबा करतोय. आणि तोवर बोलणं छान ऐकू येतं कारण आवाजाची पाकिटं वेगळ्या वाटेने जातात, त्यांना या अ‍ॅकशी काही घेणंदेणं नाही. त्यामुळेच लोक फसतात, आवाज येतोय म्हणजे नेटवर्क ठीक असं धरून टायमरच्या मागे लागतात.

अ‍ॅक का येत नाही याचं कारण दहातल्या बहुतेक वेळा राउटरमध्ये सापडतं. गेटवेची सिप ट्रेस (आल्या-गेल्या निरोपांची नोंद) काढा, जवळपास सगळ्या गेटवेंच्या वेबपानावर ती सोय असते. बाहेर जाणाऱ्या २०० ओके मध्ये 'कॉन्टॅक्ट' म्हणून एक ओळ असते, तिच्यात कुठला आयपी लिहिलाय ते वाचा. तिथे १९२.१६८ किंवा १०. ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो तुमच्या रिसॉर्टच्या आतला पत्ता आहे, कंपनीचा सर्व्हर बिचारा प्रामाणिकपणे अ‍ॅक त्या पत्त्यावर टाकतो आणि तो बाहेरच्या इंटरनेटवर कुठेच पोचत नाही. उपाय म्हणजे गेटवेच्या नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलायची राउटरची सोय) सेटिंगमध्ये बाहेरचा पब्लिक आयपी भरायचा, तो बदलता असेल तर स्टन (आपला बाहेरचा पत्ता विचारून घ्यायची सोय) चालू करायचं, नाहीतर कंपनीला सांगायचं की आमचा गेटवे नॅटच्या मागे आहे, कॉन्टॅक्टमधला पत्ता न बघता जिथून पाकीट आलं तिथेच उत्तर पाठवा. बऱ्याच कंपन्यांना हे जमतं, फक्त मागावं लागतं.

पत्ता बरोबर असूनही कटत असेल तर राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करा. हा प्रकार मदत करायच्या नावाखाली सिपच्या निरोपातले पत्ते मधल्या मध्ये बदलतो आणि माझं मत विचाराल तर शंभरातल्या नव्वद ठिकाणी तो नसलेलाच बरा.

इकडून लावलेले फोन का चालतात? कारण तिथे अ‍ॅक पाठवायचं काम तुमच्या गेटवेचं, आणि त्याला कंपनीचा पत्ता बरोबर माहीत असतो. पण एक करून बघा, इकडून मोबाइलवर फोन लावा आणि मोबाइलवाल्याला आधी कट करायला सांगा. तुमची लाइन तशीच अडकून राहिली तर तिकडचा 'बाय' पण त्याच खोट्या पत्त्यावर जातोय, म्हणजे आजार एकच.

चिपळूणहून एका दवाखान्याचं ऑफिस : आमच्याकडे मुख्य ट्रंक फायबरवर आणि दुसरी फोर-जी राउटरवर आहे. पावसात किंवा रस्त्याच्या कामात फायबर तुटली की बाहेर लावलेला फोन अर्धा मिनिट मुका राहतो आणि मग दुसऱ्या ट्रंकवरून लागतो. अर्धा मिनिट कोण थांबतं, स्टाफ फोन ठेवून देतो. टी-वन १०० करावा असं एकाने सुचवलंय.

तुमची अडचण वरच्या प्रश्नापेक्षा वेगळी आहे जरी आकडा तोच ३२ असला तरी. इथे गेटवे 'इन्व्हाइट', म्हणजे फोन लावायचा निरोप, पाठवतोय आणि पलीकडे कोणीच नाही. यूडीपीवर (पोच न मागता पाकीट पाठवायची पद्धत) इन्व्हाइट लगेच जातं, मग ०.५, १.५, ३.५, ७.५, १५.५ आणि ३१.५ सेकंदांना पुन्हा, दर वेळी थांबणं दुप्पट, आणि ३२ ला टायमर बी, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, संपतो, तेव्हा कुठे गेटवे दुसऱ्या ट्रंककडे वळतो. हे सात निरोप. शेवटचे दोन-तीन तुमच्या काही उपयोगाचे नाहीत, तिथेच सगळा वेळ जातो.

म्हणून टी-वनला हात न लावता निरोपांची संख्या कमी करा. सिस्कोच्या गेटवेत सिप-यूए खाली 'रिट्राय इन्व्हाइट' आहे, मूळ आकडा ६, तो २ करा. ऑडिओकोड्समध्ये जास्तीत जास्त रिट्रान्समिशनचा आकडा मुळात ७ असतो, तो ३ करा. इतर मेकमध्ये नाव वेगळं असेल पण रिट्रान्समिशन किंवा रिट्राय शब्द दिसेल. मग फोन दोन-चार सेकंदांत दुसऱ्या ट्रंकवर जातो, आणि तेवढं माणूस थांबतो.

१ का नको? कारण फोर-जीवर अधूनमधून पाकीट हरवतंच. समजा दहातलं एक निरोप-उत्तर हरवतंय, तर तीनही निरोप (पहिला आणि दोन रिट्राय) वाया जायची शक्यता हजारात एक, दोन निरोप ठेवलेत तर शंभरात एक. हा कागदावरचा हिशोब झाला, प्रत्यक्षात पाकिटं हरवतात ती एकापाठोपाठ लागोपाठ हरवतात, म्हणजे खरी परिस्थिती याहून वाईटच. दवाखान्याच्या फोनला मी तीन निरोपांच्या खाली जाणार नाही.

टी-वन १०० करायचा सल्ला मात्र सोडून द्या. शनिवार-रविवारी पर्यटक आले की टॉवरवर गर्दी होते, उत्तर यायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि टी-वन १०० असला तर उत्तर वाटेत असतानाच तुमचा गेटवे दुसरा इन्व्हाइट टाकतो. चांगल्या चालत्या लाइनवर उगाच दुप्पट रहदारी. आरएफसीमध्येही टी-वन कमी करायची मुभा फक्त बंद, खासगी नेटवर्कपुरती आहे आणि तिथेही शिफारस नाही. वाढवायला मात्र हरकत नाही, जिथे लाइनच मुळात संथ आहे, जसं सॅटेलाइट लिंक, भूस्थिर उपग्रहामार्गे निरोप जाऊन उत्तर यायलाच अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो, तिथे टी-वन १००० करणं योग्यच.

याच्या जोडीला ट्रंकवर 'ऑप्शन्स' पिंग चालू करा. गेटवे ठराविक वेळाने विचारत राहतो की आहेस का, आणि उत्तर आलं नाही की ती ट्रंक आधीच बाद धरतो, मग पहिल्याच सेकंदाला फोन दुसरीकडे. सिस्कोमध्ये मूळ सेटिंग चालू ट्रंकला ६० सेकंद, बंद पडलेलीला ३० सेकंद आणि ५ रिट्राय अशी आहे, म्हणजे फायबर तुटल्यावर पहिली काही मिनिटं गेटवेला पत्ताच नसतो. त्या मधल्या वेळासाठी वरचं रिट्राय कमी केलेलं कामी येतं. दोन्ही हवं.

आणि हे करूनही मुकेपणा राहिला तर ट्रेसमध्ये '१०० ट्रायिंग' आलंय का ते बघा. ते आलं की इन्व्हाइट पुन्हा पाठवणं बंद, टायमर बी पण बाद. म्हणजे कंपनीच्या सर्व्हरने फोन घेतलाय पण पुढे त्याचंच अडलंय, आणि तुमचा गेटवे रिंग टाइमआउटपर्यंत, बहुतेक ठिकाणी १८० सेकंद, गप्प बसणार. तो आकडा खाली आणता येतो, पण साठच्या खाली नेऊ नका, पेशंटचे नातेवाईक फोन शोधून उचलेपर्यंत वाजायला तर हवा.

देवगडहून एक आंबा व्यापारी : वाशीच्या दलालाशी लांब बोलणं झालं की फोन तुटतो, नेहमी अर्ध्या तासाच्या आसपास. लहान फोन सगळे नीट.

घड्याळ लावून बघा, साडेएकोणतीस मिनिटांना दोन सेकंद कमी असताना तुटत असेल तर हा सेशन टायमर, आरएफसी ४०२८, साल २००५. त्यात १८०० सेकंदांची मुदत सुचवलीय, निम्म्यावर म्हणजे पंधराव्या मिनिटाला एका बाजूने 'री-इन्व्हाइट' किंवा 'अपडेट' पाठवून ती वाढवायची असते. ती वाढली नाही तर दुसरी बाजू मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी फोन तोडते. पंधरा मिनिटांच्या आसपास तुटत असेल तर मुदत वाढवायचा निरोप गेला पण त्याला उत्तर चुकीचं आलं किंवा आलंच नाही. बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत राउटर नॅटची वाट विसरलेला असतो, म्हणून गेटवेत कीप-अलाइव्ह (ती वाट जागी ठेवणारं छोटं पाकीट) ३० सेकंदांवर ठेवा. तरीही तुटला तर मुदत वाढवायचं काम तुमच्या गेटवेकडे घ्या, आतून बाहेर जाणारा निरोप सहसा अडत नाही. सेशन टायमर सरळ बंद करायचा मोह होईल, पण मग सीझनमध्ये लाइट जाऊन गेटवे बंद पडला की तिकडे अर्धवट फोन तसेच लटकतात आणि तुमचे ट्रंकवरचे चॅनल भरून जातात.

दापोलीहून इंजिनीअरिंगची एक विद्यार्थिनी : यूडीपी सोडून टीसीपी वापरलं तर ह्या सगळ्या रिट्रान्समिशनची कटकटच संपेल ना?

अर्धी संपेल. टीसीपी म्हणजे पोच घेऊन पाकीट पाठवायची पद्धत, तिच्यावर इन्व्हाइट पुन्हा पाठवणारा टायमर ए बंद असतो, ते काम टीसीपी स्वतः करतं. पण टायमर बी तसाच ३२ सेकंद, त्यामुळे चिपळूणवाल्यांचं मुकेपण टीसीपीने जाणार नाही. आणि २०० ओके तर टीसीपीवर सुद्धा पुन्हा पुन्हा पाठवलं जातं, कारण वाटेत एखादा सर्व्हर पुढे यूडीपी वापरत असेल, मग पोच अगदी टोकापासून टोकापर्यंतच मोजावी लागते. म्हणजे मालवणच्या रिसॉर्टवाल्यांनी टीसीपी केलं असतं तरी फोन ३२ सेकंदांनीच कटला असता.

टीसीपीचा खरा फायदा मोठ्या निरोपांना. निरोप १३०० बाइटच्या वर गेला आणि वाटेची मर्यादा (एका पाकिटात किती मावतं) माहीत नसेल तर नियमाप्रमाणे तो टीसीपीवरच पाठवायचा, कारण यूडीपीवर त्याचे तुकडे पडतात आणि एक तुकडा हरवला की सगळा निरोप गेला. दहा-बारा कोडेक (आवाज दाबून पाठवायच्या पद्धती) लिहिलेला इन्व्हाइट या मर्यादेजवळ सहज जातो. प्रोजेक्टसाठी करून बघायचं असेल तर दोन लॅपटॉपवर अ‍ॅस्टेरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) टाक, दुसऱ्या लॅपटॉपच्या फायरवॉलला येणारी सिपची पाकिटं गुपचूप टाकून द्यायला सांग आणि पहिल्यावर वायरशार्कमध्ये (पाकिटं बघायचं सॉफ्टवेअर) इन्व्हाइटच्या वेळा वाच. ०.५, १.५, ३.५ असेच दिसतील.